मांडीवरचं लग्न

८ जानेवारी

मांडीवर! म्हणे मुलीने बापाच्या मांडीवर बसायचं!

आज पापनाशमहून व्याह्यांचा फोन. आवाज गोड, तमिळ त्याहून गोड. "साळीच्या पोत्यावर तुम्ही बसा, तुमच्या मांडीवर वाणी बसेल आणि आमचा भरद्वाज ताली बांधेल. आमच्यात तसंच करतात." ताली म्हणजे आपलं मंगळसूत्र. मी "सरी, सरी" म्हणत, म्हणजे बरं बरं करत राहिलो. फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

आमच्या घरात लग्न म्हणजे अंतरपाट, अक्षता, ज्याने त्याने आपापल्या पाटावर बसायचं. तीनशे वर्षं तंजावुरात राहून सांबार आलं, इडली आली, बोलण्यात निम्मं तमिळ आलं. ही एक गोष्ट तेवढी आली नव्हती. ती आता आली, आणि नेमकी माझ्या मांडीवर!

लिहूनच टाकतो. ऑक्टोबरात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हापासून लघवी थांबत नाही. खोकलो, उठलो, हसलो की झालंच. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा, ताबा येईल. कधी, ते मात्र सांगत नाहीत. बायकोशिवाय, अंबुजाशिवाय, कोणाला माहीत नाही. वाणी चेन्नईत नोकरीला, तिला "लहानसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं. ती मराठी बोलते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. बरंच आहे.

लग्न दहा फेब्रुवारीला. नवं रेशमी लुगडं नेसून ती माझ्या मांडीवर बसणार. चारशे माणसांसमोर उठणार. आणि मागे डाग असला तर?

११ जानेवारी

कापड की डायपर, यावरून घरात युद्ध.

अंबुजा कापडाच्या बाजूची. माझ्या जुन्या वेष्ट्या, म्हणजे साधी धोतरं, फाडून तिने जाड घड्यांच्या पट्ट्या शिवल्यात. मऊ आहेत, आवाज नाही, पुरळ नाही. पण भिजली की गार पडते आणि लोंबते. मी कुरकुरलो तर म्हणाली, "आम्हां बायांचा जन्म कापडावर गेला. तुम्हांसच काय झालं?" मी ओरडलो.

मग तरातरा जाऊन डायपर आणले. ओळखीचं कोणी नको म्हणून गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या औषधाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर माझाच विद्यार्थी! संस्कृतात नापास होणारा. उठून उभा राहिला. "सार, आजींना का?" मी हो म्हटलं. आईला जाऊन बारा वर्षं झाली. त्याने तिच्या तब्येतीची चौकशी केली, तीही मी सांगितली.

१३ जानेवारी

भोगी. जुनं जाळायचा दिवस. म्हटलं, या पट्ट्याही टाक त्यात. "आणि उद्या काय बांधाल?" अंबुजा म्हणाली.

सकाळी शेजारच्या अलमेलुने तिच्या गच्चीवरून आमची दोरी पाहिली. पांढऱ्या घड्यांची रांग. "अंबुजा, कोणाचं बाळ आलंय गं?" लग्नाची मुलगी ज्या घरात, त्या घराला हा प्रश्न! अंबुजाने पोंगलच्या साफसफाईची फडकी आहेत म्हणून सांगितलं. अलमेलुला पटलं असेल असं वाटत नाही.

१८ जानेवारी

यंदा तिरुवैयारुला आराधनेच्या गाण्याला गेलो नाही. जमिनीवर मांडी घालून, माणसाला माणूस चिकटून बसायचं. मध्येच उठता येत नाही. टीव्हीवर पाहिलं. पाहवेना, बंद केला.

२२ जानेवारी

वाणी आली. आता लग्नापर्यंत इथेच.

कापड बंद. गच्चीवर तीच केस वाळवत बसते. खोलीत पंख्याखाली वाळवलं तर वास येतो. डायपर घालावा तर तो टाकायचा कोठे? कचरा घ्यायला येणारी बाई हे वेगळं द्या म्हणते, आणि मोठ्याने म्हणते. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, मी स्वतः चोरासारखा नेऊन देतो. कापड गच्चीवर चुगली करतं, डायपर दारात. माणसाने जावं कोठे?

"अप्पा, तुम्ही सारखे खोलीत का जाता?" वाणीने विचारलं. जप करतो म्हणालो.

२७ जानेवारी

आज अब्रू गेली.

वाणी पत्रिका द्यायला ओरत्तनाडुला गेली होती, माझ्या धाकट्या भावाकडे, राघवेंद्रकडे. संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. म्हटलं, तालीम करून पाहू. लग्नात नेसायचं धोतर नेसलो, काष्टा घातला, पाटावर बसलो. मांडीवर अंबुजाने तांदळाचं पोतं ठेवलं. "वाणी याहून जड आहे," म्हणाली. आणखी एक ठेवलं.

आधी कापड. पोतं टेकताच भिजलं. अगदी धोतरापर्यंत.

मग डायपर. कोरडा! पण काष्ट्यामागे असा फुगला की अंबुजा तोंडाला पदर लावून हसायला लागली. हललो की चुरचुर आवाज. "वाध्यार मंत्र म्हणतील की हे ऐकतील?" तिचं हसू थांबेना. मलाही हसू फुटलं. हसणं मला परवडत नाही.

तेवढ्यात दारात वाणी. बस लवकर मिळाली म्हणे.

"अप्पा! मांडीवर तांदूळ कशास?"

पाटाखाली ओलं, बाजूला डायपरचं पाकीट, दोरीवर पट्टी. अंबुजा रडायला लागली आणि रडता रडता सगळं सांगून बसली. मी दोघींवर ओरडलो. पोत्यांखालून उठता येत नव्हतं, बसल्या बसल्याच ओरडलो. वाणीने एक एक पोतं उचलून खाली ठेवलं.

"मज सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं?" एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

२८ जानेवारी

बोलत नाही. वाढते, ताट उचलते. बोलत नाही.

२९ जानेवारी

सुटलो! वाणीने सगळं निस्तरलं. तिने भरद्वाजशी परस्पर फोनवर बोलून घेतलं. मांडी हवीच, पण काकाची चालेल. राघवेंद्र बसणार. लोकांना सांगायचं, अप्पांचे गुडघे दुखतात. "तुम्ही समोर खुर्चीवर बसा, अप्पा. निवांत पाहा."

किती शहाणी मुलगी. आज पोटभर जेवलो. गुळाचे गोड अधिरसम मागून घेतले.

३१ जानेवारी

राघवेंद्र आला होता. खुशीत. नवं धोतर घेतलंय. "अण्णा, कोणत्या मांडीवर बसवायचं? डाव्या की उजव्या?" आमच्या ओसरीवर बसून, मांड्या थोपटून दाखवत होता.

त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. बिचाऱ्याचा काही दोष नाही. तरी वाटलं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. तीन आठवडे ही मांडी टळावी म्हणून देवाला हात जोडले, आणि टळली तर घास उतरत नाही! मुलगी माझी. ताप आला की याच मांडीवर झोपायची. राघवेंद्र कोण? मी खुर्चीवर बसून पाहायचं? पाहुण्यासारखं?

२ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, कॉफीच्या वेळी, तिच्या तोंडावर.

"मी बसणार."

"आणि ओलं झालं तर?"

या घरात हा शब्द इतका सरळ कोणी उच्चारला नव्हता. मीही सरळच बोललो, "तर तुझं लुगडं भिजेल."

तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "अप्पा, भिजलं तर भिजू दे, असं मी म्हणणार नाही. मज वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल. पण काकांच्या मांडीवर बसून त्याहून जास्त वाटेल."

मग तिघं स्वयंपाकघरात बसलो. मधे डायपरची पाकिटं आणि पट्ट्यांची चळत. मायलेकी जसे दागिने पाहतात तशा उलटून पालटून पाहत होत्या. मला लाज वाटली, पण थोडा वेळच. वाणीने चड्डीसारखा पातळ प्रकार मागवलाय. तो आत, त्यावर अंबुजाची पट्टी लंगोटासारखी घट्ट, म्हणजे फुगणार नाही, वाजणार नाही. अंबुजा म्हणते कापड जिंकलं. मी म्हणतो डायपर.

राघवेंद्रला फोन मलाच करावा लागला. फार लागलं त्याला. नवं धोतर नेसून जवळ उभा राहा म्हटलं.

६ फेब्रुवारी

तालीम. तांदूळ दोन पोती. खोकलो, मुद्दाम. थोडं पाझरलं, धोतरापर्यंत नाही.

८ फेब्रुवारी

पुन्हा तालीम. धोतरापर्यंत आलं.

वाणीला सांगितलं नाही. मग सांगितलं. "बरं," म्हणाली. चेहरा उतरला होता.

९ फेब्रुवारी

मंडपात आलो. व्याही मंडळी हसतमुख. अलमेलु पहिल्या रांगेत बसणार म्हणते.

भीती वाटते.

१० फेब्रुवारी

बसली. जड आहे! नादस्वर इतक्या जोरात की कानठळ्या बसल्या. तिचे केस नाकातोंडात, त्यांत मोगरा. भरद्वाजने तालीची पहिली गाठ बांधली. वाध्यार म्हणाले, झालं, ऊठ आता मुली. ती उठायला लागली. मी सोडलं नाही. वाध्यारांनी पुन्हा सांगितलं. शेवटी राघवेंद्रने वाकून माझे हात तिच्यापासून सोडवले.

दुपारी पंगतीत अंबुजाने कानाशी येऊन विचारलं, "ओलं झालं का?"

तेव्हा कोठे मला ते आठवलं.