सोळावरचा खटका

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करता म्हणून लिहिते; नणंद म्हणून भांडण पुढच्या पत्रात. हे गेल्यापासून यांचा अँप्लिफायर बंदच होता. परवा लेकीने तो लावला. खालच्या बिऱ्हाडात तान्हं मूल, म्हणून तिने अटेन्युएटरची पेटी आणून अँप्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये जोडली. जास्तीचा जोर ती गिळते, आवाज हळू होतो. थोडं वाजवलं आणि जळका वास आला. पेटी इस्त्रीसारखी तापलेली. पोरीने सगळं बंद केलं.

मग पाहिलं तर पेटीवर आठ ओहम, स्पीकरवर आठ, आणि अँप्लिफायरमागचा ओहम निवडायचा खटका सोळावर. यांनी शेवटचा फिरवलेला, म्हणून मी पुसतानाही त्याला हात लावत नाही. वाचनालयातलं पुस्तक म्हणतं, आकडे जुळले नाहीत तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो तर यांनी स्वतः तार गुंडाळून केलेला. पोरगी म्हणते, बाबांचं एवढं उरलं होतं, तेही मी जाळलं. सुरू करून बघूही देत नाही. बघितलं नाही तोवर तो जळलेला नाही, असं तिचं चाललंय. ताटावर बसते नि उठते. काय करू ते कळवा.

तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पोरीला आधी जेवायला घाल, मग हे वाचून दाखव. खटका सोळावर आणि जोडलेलं आठचं, म्हणजे भार जास्त. त्याने दमतात ते आतले काचेचे व्हॉल्व्ह, आणि ते नवे मिळतात. ट्रान्सफॉर्मरला खरी भीती स्पीकर जोडलेलाच नसला तर. तेवढ्याशा वाजवण्याने दादाचं काम जळायचं नाही. तो तार गुंडाळायला बसला की मला श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ देत नसे.

पेटी तापणारच, गिळलेल्या जोराची ती उष्णता करते. जळका वास मात्र तिचा नाही. खरं सांग, तू तिच्यावर रुमाल टाकला होतास ना? तुझ्या घरात पंख्याला तेवढा अभ्रा नाही.

खटका सोळावर होता तो माझ्या सोळा ओहमच्या स्पीकरसाठी. दादा गेल्यावर तो मी परत नेला. दादा असता तर त्याच दिवशी त्याने खटका आठवर आणला असता. तिन्ही ठिकाणी आठ कर, स्पीकरची तार नीट बसलीये ना बघ, आणि सुरू कर. भीती वाटली तर मला शिव्या दे.

तुझीच

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

रुमालच होता, तोही भरतकामाचा. मधोमध तांबूस डाग पडलाय. पेटी उघडीबोडकी दिसत होती, म्हणून घातला. तुमचं पत्र वाचताना लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

खटक्यापाशी मात्र माझा हात पुढे होईना. पोरीने माझ्याकडे न बघता तो कट्‌कन फिरवला. व्हॉल्व्ह उजळले, बारीकशी गुणगुण आली, तिने एक तार छेडली. वन्सं, तोच आवाज. जरा दाणेदार, जरा घोगरा. दोघींनी डोळे पुसले आणि ती वाजवत राहिली.

आता रोज वाजवते. खालचं तान्हं झोपलेलं असतं. काल तर अगदी यांच्यासारखी आतून ओरडली, आई, भांडी जरा हळू घास, तुझ्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाही. मी नळ बंद केला आणि साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले.

कळावे. आहे तो लोभ असाच चालू द्यावा, वाढला तर आनंदच.

तुमची वहिनी