आबा आणि बास गिटार

शिरूर, शनिवार, १६ डिसेंबर १९६७

आज एका बटणापायी अर्धा तास वाया गेला. नाताळाला आमच्या ख्रिस्ती देवळात मी वाजवावी म्हणून सॅमसनदादानं दौंडहून, त्याच्या रेल्वेतल्या बँडची बास गिटार आणून दिली. वायर रेडिओला मागून कशी जोडायची, दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे पडद्याच्या, अगदी लगत बोट कसं दाबायचं, सगळं शिकवून तो दुपारच्या एसटीनं गेला. नंतर मी बसले तर आवाजच निघेना. तारा ओढून बोटं लाल झाली. मग दिसलं, आवाजाचं बटण शून्यावर. आणि म्हणे मी शाळेत शिकवते.

आबा दारातून बघत होते. "देवळात आपला तंबोरा हाय. ह्ये न्हाई चालायचं." वडलांशी वाद नको म्हणून बटण थोडंसंच फिरवलं आणि सगळ्यांत जाड तार नुसती छेडली. आबा थबकले.

"चारच तारा व्हय हिला? तंबोऱ्यावानी?" म्हणत जवळ बसले आणि मला कळायच्या आत खुंट्या पिळून चारी तारा तंबोऱ्यासारख्या लावूनसुद्धा टाकल्या. दादानं लावून दिलेले सूर गेले. ते आता मी परत कशी लावणार? दादा चिडेल का? चिडू दे. आबा डोळे मिटून भजन गुणगुणत होते, त्यांच्या हातातून गिटार काढून घेववेना.

जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"आवाज बारीक हाय गं हिचा. मागच्या बाकापातुर जायचा न्हाई," म्हणाले, आणि ते बटण स्वतःच्या हातानं पार शेवटापर्यंत फिरवलं.