मेधाचा कोपरा

रवि., ५ जाने.
आज हॉलवर गो खेळायला सहाच जण. थंडीमुळे बाकीचे गायब. मुलुंडची थंडी म्हणजे पंखा बंद ठेवायचा, एवढीच, पण कारण मिळालं की झालं.
गावडे मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन आले. "मॅडम, ह्याच्यात गो खेळणारो प्रोग्राम घातलंय. मोठे मोठे खेळाडू आता ह्याच्याकडेच शिकतत." मी म्हटलं, शिकू देत. आपण सोंगट्यांची बटणं काढू.
ऐकतात कुठे. मागच्या रविवारचा आमचा डाव त्यात भरला. पटावर निळे ठिपके उमटले, प्रत्येकाखाली टक्के. कशाचे टक्के? तर जिंकण्याचे. पटावर दहा बटणं नाहीत आणि हे जिंकायचं बोलतंय.
आणि सहाव्याच चालीला ते थेट माझ्या कोपऱ्यात घुसलं! म्हणजे नियम क्र. ३ सरळ मोडला. भिंतीवरच्या तक्त्यात स्टेन्सिलने, माझ्याच हातचं, इतकं सुबक लिहिलंय: समोरच्याच्या कोपऱ्यात लवकर घुसू नये.
गा. तक्त्याकडे बघून हसले. मी चहा ठेवायला गेले.

सोम., ६ जाने.
दिवसभर तेच डोक्यात.
नियम माझा नाहीच. अंधेरीच्या कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसला होते, गावडे टूलरूमला. जपानहून आलेले साहेब जेवणाच्या सुट्टीत गो खेळायचे, त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. पट मीच आखला, ट्रेसिंगच्या कागदावर, एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेषा. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं, काळी आणि पांढरी. आळीपाळीने एकेक बटण ठेवायचं आणि जास्तीत जास्त जागा घेरायची. बस.
साहेब सांगायचे: कोपऱ्यात घुसलात तर चिमूटभर जागा मिळते, पण तेवढ्यात समोरच्याची बाहेरून भिंत उभी राहते आणि ती सगळ्या पटावर भारी पडते. किती साधं. पस्तीस वर्षं मी हे मानलं, निवृत्तीनंतर हॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं.
आता यंत्र म्हणतं, भिंतीला एवढी किंमत नाही. का नाही? ते सांगत नाही. टक्के सांगतं.

रवि., १२ जाने.
गा.नी यंत्राच्या पहिल्या वीस चाली पाठ केल्यात. चक्क पाठ! शाळेत पाढे केले नसतील असे. आणि मला हरवलं, तेही दणकून. इतक्या वर्षांत असं हरले नव्हते. राग आला, खोटं कशाला लिहू.
पण खरा राग नंतरचा. आमची पद्धत अशी की डाव संपला की तोच डाव आठवून पहिल्यापासून परत मांडायचा आणि हरलेल्याने आधी बोलायचं. कुठे काय वाटलं, का खेळलो. तोवर जिंकलेला गप्प. साहेबांची शिस्त. हरलेल्याला तेवढाच मान, असं ते म्हणायचे. आज मी बोलायला तोंड उघडते तोच गा. स्क्रीनवर बोट ठेवून, "मास्तर म्हणतत चूक बत्तिसाव्या चालीक झाली." यंत्राला मास्तर म्हणायला लागलेत.
चूक सापडली, मग मी काय बोलू? बटणं डब्यात भरली.

बुध., १५ जाने.
गा. परवा घरी येऊन माझ्याही कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम टाकून गेले. मी ठरवलं, याला एकदा उघडं पाडायचंच. नियम ३ खरा असल्याचा पुरावा आहे माझ्याकडे. मेधाचा डाव.
मेधा वाकोल्याहून यायची. सोळा वर्षांची, हॉलवरची सगळ्यात हुशार. दहा वर्षांपूर्वी वार्षिक स्पर्धेचा शेवटचा डाव, ती आणि मी. सातव्याच चालीला माझ्या कोपऱ्यात घुसली आणि पुढे हरली. मी सगळ्यांना जमवून समजावलं होतं, लवकर घुसलं की असं होतं. नंतर दोन रविवार आली, मग नाही. मी म्हटलं, बारावीचा अभ्यास असेल.
त्या डावाची आकृती तक्त्याखाली चिकटवलेली आहे. नाव दिलंय 'मेधाचा कोपरा'. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तीच दाखवते.
जुन्या डावांच्या वहीतून तो डाव भरला. सातवी चाल आली. निळा ठिपका बरोबर मेधाच्या बटणाच्या जागी. पहिली पसंती.
माझं भरताना चुकलं असेल म्हणून परत भरला. तेच.
मग ती हरली कशी? एकशे त्रेचाळिसाव्या चालीला तिच्या बटणांचे दोन तुकडे जोडायचे राहिले, म्हणून. तोपर्यंत ती पुढे होती. मी हरत होते आणि मला पत्ता नव्हता! तिला नाही आणि मलाही नाही.

गुरु., १६ जाने.
भात करपला. कुकर नाही, पातेल्यात टाकला होता, आणि मी कॉम्प्युटरपुढे.
साहेब चुकले? त्यांचे गुरू, त्यांचे गुरू, सगळे? की तेव्हा ते बरोबर होतं आणि आता नाही? असं कसं होईल, पट तोच आहे, रेषा एकोणीसच आहेत. डोकं चालेनासं झालंय.
आणि मी मात्र दहा वर्षं त्या पोरीच्या नावाने चूक शिकवत बसले. लाज वाटते.

रवि., १९ जाने.
लवकर जाऊन आकृती काढली. टेपबरोबर भिंतीचा रंग निघाला. आता तिथे चौकोनी डाग आहे, आकृतीपेक्षा जास्त डोळ्यात भरतो.
गा.ना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तेव्हा सगळेच तसा म्हणत होते. तुमचो काय दोष?" खरंच आहे. तरी बरं वाटलं नाही.
डावात आज मी मुद्दाम एकविसावी चाल भलतीच खेळले, बाजूला, काही कारण नसताना. गा.ची पाठ केलेली शिदोरी विसाव्याला संपलेली. ते लॅपटॉपकडे बघत बसले, बंद होता तरी. मी जिंकले. नंतर यंत्र म्हणालं, माझ्या त्या चालीने अकरा टक्के गेले.
म्हणजे मी वाईट खेळले म्हणून जिंकले? कोणी समजावून सांगेल का मला.

शुक्र., २४ जाने.
मेधाला फोन केला. चार दिवस धीर होत नव्हता. जुन्या रजिस्टरात तिच्या आईचा नंबर होता, त्यांनी तिचा दिला.
"कोण? अय्या, गो-वाल्या काकू!"
अंधेरीला एमआयडीसीत नोकरी करते. आमच्या कंपनीच्याच गल्लीत, जिथे आता काचेची बिल्डिंग आहे. पुढच्या शनिवारी तिला अर्धा दिवस. कोपऱ्यावरच्या उडप्याकडे भेटायचं ठरलं. कशासाठी ते मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

शनि., १ फेब्रु.
आधी जे झालं ते लिहून काढते, मग विचार.
ट्रेसिंगचा जुना पट गुंडाळून नेला होता, बटणांचा डबा, वही. मेधा ओळखू आली ती हनुवटीवरून. केस कापलेत. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं: यंत्र म्हणतं तू बरोबर होतीस, मी चुकले, सगळ्यांपुढे तुला बोलले, आणि दहा वर्षं ती चूक तुझ्या नावाने भिंतीवर लावली. माफ कर.
ती हसली. "भिंतीवर? काय काकू तुम्ही पण! ते यंत्राचं मला माहितीये हो. मी कॉलेजात असतानाच वाचलं होतं. एक दिवस जाम खूश होते."
मग हसू गेलं. "पण मी त्या चालीसाठी नाही सोडलं. हरलेल्याने आधी बोलायचं ना? हरले मी होते. मी तोंड उघडलं आणि तुम्हीच सुरू झालात. पंधरा मिनिटं. मी आपली उघडं तोंड घेऊन बसलेली."
हे मला आठवतच नाही. सातवी चाल आठवते, तिचं तोंड नाही.
"मग आता बोल," मी म्हटलं.
"आता? काहीतरीच काय!" पण तिने पट पसरला. वहीत बघून बटणं ठेवायला लागली. वेटर आला, "मॅडम, खाना हो गया तो टेबल..." आणखी दोन कॉफ्या सांगितल्या. सातव्या बटणावर तिचं बोट थांबलं. मी गप्प. जीभ दातांखाली धरून गप्प, कारण मला लगेच काहीतरी समजावायचं होतं.
"भीती वाटायची मला," ती म्हणाली. "मधलं सगळं मोकळं बघून. कोपऱ्यात दोन बाजूंना पट संपतो. तिथे मागून कोणी येत नाही. म्हणून घुसले."
कॉफी आली. ती म्हणाली, "मग सांगा. बरोबर होती का चाल?"
यंत्राचे टक्के एक, तिचं कारण वेगळं, साहेबांचं आणखी वेगळं. मी खरंच विचार केला आणि म्हटलं, "माहीत नाही गं."
"हे तेव्हा म्हणाला असतात ना..." कपाचं ओलं वर्तुळ पटावर उमटलं, ते रुमालाने टिपत बसली.
निघताना हॉल अजून रविवारीच असतो का, विचारलं. मी हो म्हटलं. ये, असं म्हणायचं राहिलं.

रवि., २ फेब्रु.
नवा नियम केला: हरलेला बोलेपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही. गा. कुरकुरले. हरले तेच. डाव परत मांडला, आणि ते बोलेनात. डोकं खाजवलं, चष्मा पुसला. शेवटी, "मॅडम, खरा सांगू? ही चाल मी कित्याक खेळलंय ता माकाच म्हायत नाय." दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.
मग उघडलाच लॅपटॉप. मलाही बघायचं होतं.
तक्त्यावरचा नियम ३ खोडून ठेवलाय. आकडा तसाच आहे. त्यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. "घुसावे" असं थोडंच लिहिणार.

रवि., ९ फेब्रु.
मेधा आली. साडेअकराला, न कळवता. भिंतीवरच्या डागाकडे बघितलं, "इथे होते का मी?" म्हणाली. मी मान हलवली.
माझ्याशी खेळली. सातव्या चालीला पुन्हा कोपऱ्यात, त्याच! भीतीने की वाचून, विचारलं नाही. माझी भिंत उभी राहिली, चांगली लांबलचक, आणि काही कामाला आली नाही. हरले. फार थोडक्यात, पण हरले.
परत मांडायला घेतलं. सगळे भोवती जमले. गा.नी लॅपटॉपवर हात ठेवला होता, झाकण बंद. सातव्या बटणापर्यंत आले आणि मला कळेना कुठून सुरू करू. साहेबांनी सांगितलेलं बोलू, की यंत्राचं, की मला त्या क्षणी भीती वाटली ते? कारण वाटली होती.
मेधा हात मांडीत घेऊन बसली होती. एकदा तिचे ओठ हलले. मग मिटले. बराच वेळ झाला, मी बोलत नव्हते, आणि ती वाट बघत थांबली.