रेणू सापडली, काळजी करू नको

पुणे, फेब्रुवारी २००३

सौ. दुर्गास, रखमाजीचा मनापासून आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. रेणू पोटभर जेवून राह्यली. तुझे दिवस भरत आलेत, जड उचलू नको.

काल, रेणूसाठी इथं आलोय त्या शाळेच्या फाटकापाशी मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात रेणू दिसंना. हाका मारत पळालो. आपली पोर हाकेला ओ देत न्हाई म्हणजे काय, ते तवा कळलं. रस्त्यापलीकडं एका नळाखाली हात धरून ती बसली होती.

मारायला माझा हात वर गेल्ता. पण शाळेतल्या बाई सांगतात, "रेणू स्वमग्न आहे, बहिरी नाही. आधी ती करते ते तिच्याजवळ बसून करा, मग ती तुमच्याकडे येईल." म्हणून मीपण बसलो अन् पाण्याखाली हात धरला. लई वेळानं तिनं बिलकुल सरळ माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् हसली.

तरी भीती जात न्हाई. आपली विहीर उघडी आहे, अन् हिला पाण्याचं वेड. वाटूरला तुझ्या बद्रीनाथभाऊला निरोप धाड, जल्दी कठडा बांधून घे. झाला की कळव. तोवर आम्ही इथून निघत न्हाई.

तुझा,
रखमाजी