गाळात उतरलेलं शिसं

ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. इथल्या बंदरात जहाजं येतात त्या वाटेच्या वळणापाशी मोजणीच्या यंत्राने खोली कमी दाखवली आणि तुमच्या शिसं बांधलेल्या दोरीने ती खोटी पाडली, असं ऐटीत कळवलं होतं. खोटी पडली ती दोरी. तुम्ही शिकवलंत तशी, शिसं तळाला टेकल्यावर मी जरा थांबले. तेवढ्यात ते मऊ गाळात उतरलं. यंत्र तेरा मीटर साठ म्हणत होतं, दोरीने चौदा वीस सांगितलं.

बंदरात वाट दाखवणारा पायलट म्हणून दादा ज्या पहिल्या भरलेल्या जहाजावर चढणार, त्याचं बूड तेरा मीटर खाली असतं. त्याच्याखाली मीटरभर मोकळं पाणी हवंच. आणि नकाशावर चढलेला चौदा वीसचा आकडा माझा आहे! ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, एवढ्याशा गाळाने कोणाचं काय बिघडलंय. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दोरीचा पराक्रम शेजारीपाजारी सांगितला नसलात तर बरं.

आपली,
धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आता तुझी आई रोज विचारते, शिसं वर आलं का.

आपल्या खाडीचा तळ वाळूचा. तिथे दोरी सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. गाळात थांबू नये, हे मला कधी शिकावंच लागलं नाही, तर तुला काय शिकवणार? चूक अर्धी माझी, पण जेवण तू पूर्ण कर. आधी दादाला लिही. तिकडचा तळ मी पाहिलेला नाही. तो तुलाच ठाऊक. सांभाळून राहा.

तुझे बाबा

ता. १५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाला लिहिलं. तो थेट ऑफिसात आला आणि साहेबांना विचारता झाला, वळणावर जहाज गाळात रुतलं तर ढकलायला तुम्ही येणार का. माझा आकडा त्याच दिवशी नकाशावरून उतरला.

मग मी वळणाचा पूर्वेकडचा काठ धरला. तिथे पाण्याला ओढ जोराची, गाळ साचतच नाही. यंत्र आणि दोरी दोघांनीही चौदा सत्तर सांगितलं, आणि तळ कसला ते कळावं म्हणून शिशाला लावलेल्या चरबीला जाड वाळू चिकटून आली. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ताकही फुंकून प्यायले: सगळी वाट पुन्हा मोजली. तेच आकडे. वाटेच्या खुणेचे तरंगते बोये तिकडे हलवले. वळसा लांबला, म्हणून दादा कुरकुरतो की धाकटीपायी जेवायला उशीर होणार. पण या वेळी नकाशावर सही करून मी पोटभर जेवले.

लोभाला ओहोटी लागू देऊ नका.

आपली,
धाकटी

ता. क. आईला सांगा, शिसं वर आलं. दादाच्या जहाजापुढे वाट दाखवणाऱ्या लाँचमध्ये मी स्वतः उभी राहणार आहे: गुरुवारी, वीस तारखेला, सकाळच्या भरतीला.