पेन्यांच्या दाराची पाटी

प्रिय तार्गेलियाताईस,

धाकट्या लिओनिदासचा नमस्कार. कुएंकाच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी रक्तदाब मोजायच्या यंत्राशी अजून भांडतात का? इथे सान आन्तोनिओत आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे. अनाहीच्या लग्नात मी काय दिवे लावले ते झोराइदाने तुला फोनवर सांगितलंच असेल. आपली ही धाकटी बहीण मुलीची आई म्हणून बोलते तेव्हा तिच्या बोलण्यात खरं असतं ते रश्श्यात मीठ असतं तेवढंच, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, या गावात पोरं दात येण्याआधी पटाशी धरतात. जो तो दारात संत नाहीतर देवदूत कोरत बसलेला. अशा गावात जन्मून मला साधा चमचा कोरता आला नाही (मी केलेल्या मेंढीला बाबा मरेपर्यंत डुक्कर म्हणत). म्हणून पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी सुटे भाग मागवले आणि अंगणात ते सीएनसी मशीन जोडलं. कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायची, फळी घट्ट आवळायची, की फिरतं पातं ती अक्षरं लाकडात कोरून देतं. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. का फुकट मिळतं, ते आता कळलं.

अनाहीने विल्मेर पेन्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी विरोध केला होता, ते मी नाकारत नाही. गॅसच्या टाक्या विकायला दिवस उजाडायच्या आत माझ्या खिडकीखाली भोंगा वाजवणारा माणूस जावई म्हणून कोणाला आवडेल? पण ठरलं ते ठरलं. मामा म्हणून मी मन मोठं केलं आणि त्यांच्या दारासाठी अक्रोडाच्या लाकडाची पाटी करायला घेतली : 'कासा पेन्या', पेन्यांचं घर. (असा मोठेपणा पुन्हा करणार नाही.)

पहिल्या फळीच्या वेळी पातं फळी आवळणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर आदळलं आणि त्याचा तुकडा तुझ्या भावजयीने वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेला. लास्तेनियाने ती भोकाची चादर त्या रात्री माझ्याच पलंगावर अंथरली. दुसरी फळी एका बाजूला वाकलेली निघाली, त्यामुळे 'कासा' विहिरीसारखं खोल आणि पुढे नुसते ओरखडे. तिसरी मात्र सरळ, सुरेख. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं, 'न'चा 'न्य' करणारी त्याच्या डोक्यावरची नागमोडी रेघसुद्धा. मी बोट लावून पाहिली होती. पण रेघ बारीक आणि पातं जाड, आणि जिथे पातं मावत नाही तिथे कोरायचंच नाही, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम. असेना का नियम, पण माणसाला सांगायला नको? नवं व्हर्जन आलं की दिवसभर टोचत राहतं, आणि एका अख्ख्या घराण्याचं नाव बदलताना मात्र तोंडात गुळणी धरून बसतं. माझ्या चष्म्यावर भुसा, वॉर्निश जेमतेम वाळलेलं, चर्चची घंटा वाजायला लागलेली. लास्तेनियाने पाटी कागदात गुंडाळली आणि आम्ही निघालो.

जेवणं चालली असताना पाहुण्यांनी नवरानवरीला भेटी उघडायला लावल्या. विल्मेरच्या आत्याने पाटी उंच धरून खणखणीत आवाजात वाचली : 'कासा पेना.' रेघ गेली की पेन्याचं पेना होतं आणि पेना म्हणजे दुःख, हे तुला मी काय सांगू, तू जन्मभर शाळेत शुद्धलेखन शिकवलंस. दुःखाचं घर. बँडवाल्यांनीसुद्धा हात थांबवले. विल्मेरच्या वडिलांनी डोक्यावर हॅट चढवली आणि शांतपणे म्हणाले, "मनातलं लाकडावर उतरवलंत. आभारी आहे."

झोराइदा रडतच माझ्यापाशी आली. "दादा, इतकं पोटात ठेवून बसला होतास?"

"अगं, मशीनने रेघ खाल्ली."

"मशीनला खायला जगात दुसरी रेघ मिळाली नाही?" असं म्हणून तिने माझ्या हातातली फ्रितादाची बशी काढून घेतली. ताई, त्यात डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे बाजूला काढून ठेवले होते मी, शेवटी खायला.

घरी येऊन मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर खरमरीत मजकूर लिहिला. कोणा सद्गृहस्थाचं उत्तर आलं : सगळं जसं चालायला हवं तसंच चाललं आहे. शेवटी एक हसरं तोंड काढलं होतं. ते तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा माझ्याच दाराशी थांबला. विल्मेर पाटी घेऊन उतरला. मला वाटलं, आता ही डोक्यात बसते. तर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मामा, आम्हाला सवय आहे. शाळेच्या दाखल्यावर पेना, बँकेत पेना. आजोबांच्या थडग्यावरसुद्धा पेनाच आहे. तुम्ही निदान अक्षरं तरी सुबक काढलीत." मग त्याने माझ्याकडून एक खिळा मागितला, स्वयंपाकघरात शेगडीवर लाल केला आणि ती रेघ स्वतःच लाकडात डागली. गांडुळासारखी आली आहे. पण आहे. अनाहीने पाटी दारावर लावली आहे, आणि त्या पोराबद्दल मी जे जे बोललो होतो ते परत घ्यायला तयार आहे, भोंग्याचं सोडून.

एवढं होऊनही झोराइदा मला पाहिलं की रस्ता ओलांडते. चूक पात्याची, मौन मला. हा कुठला न्याय?

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा निरपराध भाऊ,
लिओनिदास

ता. क. : झोराइदाने निरोप धाडला आहे की ते मशीन घरात आहे तोवर ती माझ्याशी बोलणार नाही. म्हणून मी ते विकल्याचं जाहीर केलं आहे. ती विरघळेपर्यंत तुझ्या मागच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी, ठेवून घेशील का? तिने विचारलंच तर तुला काही ठाऊक नाही.

पुन्हा ता. क. : वरचं वाचून उगाच विचारात पडू नकोस. खोकी विल्मेरने आज सकाळीच बसमध्ये चढवली, तोही यात सामील आहे. पत्र हातात पडेल तेव्हा ती कुएंकाच्या स्टँडवर तुझ्या नावाने आलेली असतील. भावोजींना एकटं पाठवू नकोस. जड आहेत.