ओढ्यापलीकडची कुलपं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की मी अजून अक्षर जपून काढते. सुटीला केज तालुक्यातल्या आपल्या गावी आले आहे. पोटासाठी मी काय करते ते ऐकून तुम्ही हसाल. इंग्लंडमधल्या एका बरोच्या कचेरीत नकाशे काढते. बरो म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा लहान मुलूख, कारभार साधारण नगरपालिकेसारखा. मधून नदी, वरच्या अंगाला मेंढ्या चरणाऱ्या टेकड्या, खाली बंद पडलेल्या गिरण्या. एकेका प्रभागाचे तीन-तीन नगरसेवक, आणि गळ्यात सोन्याची साखळी घालून फिती कापणारा महापौर. त्या बिचाऱ्याला आपल्या सरपंचाइतकाही अधिकार नाही.

यंदा तिथे प्रभागांच्या हद्दी नव्याने आखायच्या होत्या. कालव्याकाठी एक आवार आहे. जत्रेत पाळणे फिरवणारी कुटुंबं तिथे चाकांवरच्या घरांत राहतात, हिवाळाभर तिथे आणि उन्हाळ्यात गावोगाव. आमची पाहणी नेमकी उन्हाळ्यात झाली. फाटकाला कुलूप. साहेब म्हणाले, इथे कोणी राहत नाही, प्रभागाच्या मोजणीत धरू नका. मी खोडायला पेन उचललं आणि तुम्ही आठवलात.

मी सातवीत होते त्या वर्षी तुम्ही नुकत्याच अंबाजोगाईहून आपल्या शाळेत बदलून आल्या होतात. ग्रामपंचायतीत लावायला गावाचा नकाशा हवा, आणि माझं अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे. मी देऊळ काढते, मशीद काढते, पाण्याची टाकी, रेशनचं दुकान, आणि ओढ्यापाशी थांबते.

"पलीकडं काय हाय गं?" तुम्ही विचारता.

"कुणी न्हाई बाई. समदी कुलपं हायत."

दिवाळी होऊन गेलेली, सगळी वस्ती कारखान्याकडे ऊस तोडायला गेलेली. तुम्ही माझा हात धरून मला ओढ्यापलीकडे नेलंत. वर्गासमोर रागावला नाहीत, तिथे जाऊन रागावलात.

"माघारी यायचं न्हाई तो मानूस कुलूप कावून लावील? काढ समदी घरं."

उन्हात उभं राहून मी चौदा घरं काढली. मग तुम्ही तुमची स्टीलची पट्टी मला देऊन टाकलीत. तोच नकाशा पुढे करून तुम्ही ग्रामसेवकाच्या मागे लागलात आणि वस्तीवर पहिला दिव्याचा खांब आला. पट्टी आजही माझ्या टेबलावर असते.

साहेबांना मी म्हटलं, थंडीत परत जाऊ. गेलो, तर फाटक उघडं, धुराड्यांतून धूर, दोरीवर पोरांचे कपडे. ती कुटुंबं प्रभागात धरली गेली. साहेबांनी माझं कौतुक केलं, तेव्हा तुम्ही लई आठवलात. ते कौतुक तुमचं होतं.

एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं, पोरगी कुलपं बघून फसली. मी फसले नव्हते. मी गावात मावशीकडे राहते, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. ऊसतोड्याची पोर म्हणून नव्या बाईंनी मला ओळखू नये, म्हणून मी वस्तीच गाळली. चौदावं घर आमचं होतं, बाई. तुम्ही त्या दारासमोर उभ्या होतात तेव्हा त्या कुलपाची किल्ली माझ्या कंपासपेटीत होती.